पीसीओएस आणि ड जीवनसत्त्व: कमतरता भरून काढल्याने साखर आणि पाळी सुधारते का?

कोथरूडकरीण यांचा प्रश्न

नमस्कार. माझे वय २८ असून मी पुण्यात राहते. दोन वर्षांपूर्वी पाळी लांबू लागली, तेव्हा केलेल्या सोनोग्राफीवरून आणि रक्ततपासणीवरून पीसीओएसचे, म्हणजे बीजांडकोशाशी निगडित संप्रेरकांच्या गडबडीच्या विकाराचे, निदान झाले. पाळी पन्नास-साठ दिवसांनी येते, हनुवटीवर राठ केस उगवतात आणि मानेची कातडी काळपट, जाडसर झाली आहे. (ही काळपटी मळाची समजून मी वर्षभर बेसन-लिंबू लावून मान घासत होते, हेही प्रांजळपणे सांगते.) उंची १५८ सेंमी, वजन ७१ किलो, कंबर ९२ सेंमी. वडिलांना पंचेचाळिशीतच मधुमेह झाला.

गेल्या महिन्यात केस फार गळू लागले म्हणून पुन्हा रक्त तपासले. ड जीवनसत्त्व ११ नॅनोग्रॅम, उपाशीपोटी साखर ९६, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज) ५.६, उपाशीपोटी इन्सुलिन १९ आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) २.८ असे आकडे आले. डॉक्टरांनी साठ हजार युनिटची पाकिटे दर आठवड्याला एक याप्रमाणे आठ आठवडे दुधातून घ्यायला सांगितली, वजन कमी करा म्हणाल्या, आणि बाहेर रांग मोठी असल्यामुळे बोलणे तिथेच संपले.

समाजमाध्यमांवरचे व्हिडिओ पाहिले तर ड जीवनसत्त्व भरून काढले की पीसीओएस मुळापासून जातो, असे छातीठोकपणे सांगितले जाते. आत्याचे म्हणणे असे की पाकिटे वगैरे काही नको, रोज सकाळी सातला गच्चीवर कोवळ्या उन्हात बसावे. माझी मुख्य शंका वडिलांच्या मधुमेहामुळे आहे. ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि इन्सुलिनची गडबड यांचा खरोखर कार्यकारणसंबंध आहे का, आणि असल्यास आठ पाकिटे घेतल्यावर मी निर्धास्त व्हावे का? शेवटची पाळी येऊन साडेतीन महिने झाले आहेत, तेव्हा तीही या पाकिटांनी येईल का, हेही विचारते.

निवृत्त_जीवरसायन यांचे उत्तर

मी वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवत असे. मी रुग्ण तपासणारा डॉक्टर नाही, त्यामुळे डोस बदलण्याविषयी काही सांगणार नाही. मात्र तुमच्या कार्यकारणसंबंधाच्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यावेसे वाटते, कारण व्हिडिओवाल्यांची सगळी मखलाशी नेमकी तिथेच असते.

ड जीवनसत्त्व हे नावापुरते जीवनसत्त्व, काम संप्रेरकाचे. सूर्यप्रकाशातील २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण त्वचेतील ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉलवर पडले की त्यातून ड-३ तयार होते. त्याला यकृतात एक आणि मूत्रपिंडात दुसरा हायड्रॉक्सिल गट जोडला गेला की कॅल्सिट्रायॉल हे त्याचे क्रियाशील रूप मिळते. प्रयोगशाळा मोजते ते यकृतातून बाहेर पडलेले मधले रूप, कारण ते रक्तात दोन-तीन आठवडे टिकून साठ्याचा अंदाज देते. कॅल्सिट्रायॉलला दाद देणारे ग्राहक हाडांत आणि आतड्यांत आहेतच, पण स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींत आणि बीजांडकोशातही ते सापडतात. इन्सुलिन पेशीबाहेर सोडले जाण्यासाठी कॅल्शियमची हालचाल लागते, आणि कॅल्शियमचा सारा कारभार ड जीवनसत्त्वाशी बांधलेला आहे. म्हणजे संबंध असण्याची शक्यता जीवशास्त्राच्या दृष्टीने अगदी रास्त आहे.

आता पीसीओएसकडे पाहू. यात बऱ्याच स्त्रियांचे शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड अधिक इन्सुलिन ओतते. हे जादा इन्सुलिन मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीकडून येणाऱ्या एलएच संप्रेरकाच्या जोडीने बीजांडकोशाला अधिक अँड्रोजेन, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी संप्रेरके, तयार करायला लावते. शिवाय यकृतात तयार होणारे, टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारे एसएचबीजी नावाचे प्रथिन त्याच्यामुळे घटते, त्यामुळे मोकळे टेस्टोस्टेरॉन वाढते. हनुवटीवरचे केस, लांबलेली पाळी आणि मानेची काळपटी ही तीन वेगळी दुखणी वाटली तरी त्यांचा धागा बराचसा एकच आहे. तुमच्या आकड्यांवरून होमा-आयआर, म्हणजे इन्सुलिन-प्रतिरोधाचा अंदाज देणारा आकडा, काढायचा तर ९६ गुणिले १९ भागिले ४०५, म्हणजे साधारण ४.५ येतो आणि तो चढा आहे. (खरे तर २०२३ च्या आंतरराष्ट्रीय पीसीओएस मार्गदर्शक तत्त्वांनुसार नेहमीच्या उपचारात इन्सुलिन मोजण्याची शिफारस नाही, कारण ही चाचणी प्रयोगशाळेगणिक बदलते. मानेकडे एकदा नीट पाहिले असते तरी तेच कळले असते.)

पीसीओएस असलेल्या स्त्रियांत ड जीवनसत्त्व कमी सापडते, आणि ते जितके कमी तितका इन्सुलिन-प्रतिरोध जास्त, असे अनेक पाहण्यांत दिसले आहे. पण दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असे होत नाही. इथे मधला दुवा वजनाचा आहे. ड जीवनसत्त्व मेदात विरघळते, त्यामुळे शरीरात मेद जास्त असला की तेवढेच जीवनसत्त्व मोठ्या आकारमानात पसरते आणि रक्तातला आकडा खाली दिसतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ४२ हजार लोकांच्या जनुकीय माहितीवर आधारलेल्या अभ्यासात याची दिशा तपासली गेली. वजन वाढवणारी जनुकरूपे असलेल्यांत ड कमी आढळले. उलट ड कमी ठेवणारी जनुकरूपे असलेल्यांचे वजन मात्र जास्त आढळले नाही. म्हणजे वजनामुळे ड घटते, ड घटल्यामुळे वजन वाढते असे दिसत नाही. इन्सुलिन-प्रतिरोधही वजनाबरोबर वाढतो. एका घरातले दोघे भाऊ नेहमी बरोबर दिसले म्हणून एक दुसऱ्याचा बाप ठरत नाही, तसाच हा प्रकार निदान काही अंशी आहे.

मग प्रत्यक्ष ड देऊन पाहिले तर काय होते? पीसीओएसमधल्या अशा चाचण्या बऱ्याच झाल्या आहेत. त्यांतल्या कितीतरी इराणमधल्या, बहुतेक काही डझन ते शे-दीडशे स्त्रियांच्या आणि दोन ते सहा महिन्यांच्या आहेत. कोणी रोज थोडे दिले, कोणी आठवड्याला ५० हजार युनिट दिले, कोणी सोबत कॅल्शियमही दिले. अशा चाचण्या एकत्र करून काढलेले निष्कर्षही एकमेकांशी पुरते जुळत नाहीत. काहींत होमा-आयआर थोडा उतरलेला दिसतो, विशेषतः रोज माफक डोस सलग दिला तेव्हा. काहींत काहीच फरक दिसत नाही. वजन त्याने घटत नाही, यावर मात्र बरेच एकमत आहे. पाळी नियमित होण्याविषयीचा पुरावा इतका तुटपुंजा आहे की त्यावर कोणी आश्वासन देऊ नये.

तुमचा ११ हा आकडा कोणत्याही मापाने कमीच आहे आणि हाडांसाठी, स्नायूंसाठी तो भरून काढलाच पाहिजे. पाकिटे निःशंकपणे घ्या. साखरेच्या बाबतीत मात्र ती घेऊन निर्धास्त होऊ नका. तुमच्या यादीत एक महत्त्वाची चाचणी नाही, ती म्हणजे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर मोजण्याची. मी वर उल्लेख केलेल्या तत्त्वांनुसार पीसीओएसमध्ये वजन कितीही असले तरी साखरेची खरी स्थिती सांगणारी सर्वांत भरवशाची तपासणी हीच आहे. ९६ आणि ५.६ हे दोन्ही आकडे मधुमेहपूर्व स्थितीच्या उंबरठ्याच्या जेमतेम अलीकडे आहेत, आणि वडिलांचा इतिहास पाहता त्यांवर विसंबू नये. कोलेस्टेरॉलची तपासणी आणि रक्तदाब हेही पाहून घ्या.

रत्नांग्रीची_आहारतज्ज्ञ यांचे उत्तर

काकांनी शास्त्र सांगितले आहे, मी उन्हाचे आणि ताटाचे सांगते.

आत्याबाईंचा सल्ला प्रेमाचा आहे, पण घड्याळ चुकले आहे. सकाळी सातला सूर्य इतका तिरपा असतो की लागणारे किरण वातावरणातच अडकतात. साधी खूण अशी की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच त्वचेत ड जीवनसत्त्व नीट तयार होते. आपल्याकडे ही वेळ साधारण दहा-अकरा ते दुपारी दोन-तीन अशी धरावी. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा यासाठी काहीही उपयोग नाही, कारण हे किरण काच अडवते. तेव्हा कंपनीच्या बसमध्ये उन्हाच्या बाजूला बसून गाल भाजतात तेवढेच. सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक वेळ लागतो. आणि पुण्याच्या मुलींविषयी काय सांगावे? डोळे सोडून सगळे तोंड स्कार्फमध्ये, कोपरापर्यंत हातमोजे, वर सनकोट. स्कूटरवरून रोज तासभर भर उन्हातून जाऊनही त्वचेला ऊन म्हणून शिवत नाही. १८ अंश अक्षांशावर राहून ड कमी कसे, याचे निम्मे उत्तर तिथेच आहे. उरलेले निम्मे दिवसभराच्या वातानुकूलित कचेरीत. तरीही ११ वरून वर यायला नुसते ऊन पुरेल अशी आशा मी ठेवणार नाही, शिवाय पावसाळ्याचे चार महिने ढगांचे असतात.

आहारातून ड फार थोडे मिळते. एका अंड्याच्या बलकात जेमतेम ४० युनिट असतात, तर आपल्याकडे प्रौढांसाठी २०२० साली ठरवलेली रोजची शिफारस ६०० युनिटची आहे. बांगडा आणि तारली हे तेलकट मासे बरे. (रावस म्हणजे सॅमन असे समजून इंग्रजी तक्त्यातले आकडे त्याला लावू नका, ते दोन निराळे मासे आहेत.) साध्या दुधात ड नगण्य असते. पिशवीवर +एफ ही निळी खूण असलेल्या दुधात आणि तेलात अ आणि ड मुद्दाम घातलेले असते, तेव्हा तेच आणा. शाकाहारी घरांत याखेरीज फारसा पर्याय उरत नाही.

पाकीट जेवणानंतर घ्या, कारण मेदाबरोबर ते अधिक चांगले शोषले जाते. साय काढलेल्या दुधातून उपाशीपोटी घेण्यापेक्षा दुपारच्या पोटभर जेवणानंतर घ्यावे. एक सावधगिरी कळकळीने सांगते. माझ्याकडे आलेल्या एका बाईंनी आठवड्याचे पाकीट रोजचे समजून घेतले होते. मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान आणि सारखी लघवी अशी लक्षणे घेऊन त्या आल्या आणि तपासल्यावर रक्तातले कॅल्शियम चढलेले निघाले. आठ पाकिटे म्हणजे ४ लाख ८० हजार युनिट होतात. ती संपल्यावर आपल्या मनाने दुसरा खोका आणू नये, आणि पाकिटे चालू असताना वर सहा लाखांचे इंजेक्शनही घेऊ नये. मूतखड्याचा त्रास कधी झाला असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

साखरेसाठी ताटाकडे वळायचे तर पोहे, उपमा, साबुदाणा यांनी सुरू होणारा दिवस आधी बदला. सकाळी मोड आलेली उसळ, अंडी किंवा पनीर असे प्रथिनांचे काहीतरी असू द्या आणि पोहे करायचेच तर मूठभर पोह्यांत दोन मुठी मटार-शेंगदाणे घाला. उपवासाची साबुदाणा खिचडी, मी कोकणातली असूनही म्हणते, पीसीओएस असलेल्या बाईच्या पानात पडूच नये.

मंगला_सोलापूर यांचे उत्तर

वरील मतांविषयी आदर ठेवून माझा अनुभव मांडते. मला पीसीओएस होता आणि ड ९ होते. पाकिटे घेतली आणि तिसऱ्या महिन्यापासून पाळी पस्तीस दिवसांवर आली, ती आजतागायत तशीच आहे. आकडेवारी काहीही म्हणो, मला गुण आला. त्या काळात मी मैत्रिणीबरोबर रोज पहाटे पाऊण तास चालायलाही लागले होते आणि चार किलो वजन उतरले होते, हे खरे आहे. पण पाकिटांनी अंगदुखी गेली म्हणूनच चालण्याचे बळ आले, असे मला वाटते.

निवृत्त_जीवरसायन यांचे उत्तर

मंगलाताई, आपला अनुभव मी खोटा म्हणत नाही, आणि आपण चालण्याची गोष्ट न लपवता सांगितलीत हे फार बरे केलेत. पीसीओएसमध्ये पाच टक्के वजन घटले तरी अनेकींमध्ये स्त्रीबीज पुन्हा सुटू लागते. प्रश्नकर्तीच्या बाबतीत पाच टक्के म्हणजे जेमतेम साडेतीन किलो. त्यामुळे आपल्या चार किलोंना श्रेय द्यावे की पाकिटांना, हे एका व्यक्तीच्या अनुभवातून सोडवता येत नाही. आपण मांडलेला दुवा मात्र विचार करण्यासारखा आहे. ड फार कमी असले की मांड्या आणि खांद्यांचे स्नायू अशक्त होतात, जिना चढणे जड जाते, हाडे ठणकतात. ते भरून निघाल्यावर माणूस हिंडूफिरू लागतो आणि त्या हिंडण्याने साखर सुधारते, हा आडवळणाचा उपयोग कमी मोलाचा नाही.

लीड्सकर यांचे उत्तर

मी मूळची नाशिकची, आता इंग्लंडमध्ये आहे. एका गोंधळापासून सावध करते. माझ्या रिपोर्टवर ३४ आणि नाशिकच्या बहिणीच्या रिपोर्टवर १४ असे आकडे होते. दोघींनाही पीसीओएस. मी थंडीत राहूनही तुझ्यापेक्षा बरी, अशी तिची चेष्टा मी सहा महिने करत होते. मग कळले की इथे नॅनोमोल प्रतिलिटर लिहितात आणि भारतात नॅनोग्रॅम प्रतिमिलिलिटर. नॅनोग्रॅमला अडीचने गुणले की नॅनोमोल येतात. म्हणजे आम्ही दोघी सारख्याच होतो. इथे ऑक्टोबर ते मार्चच्या आरंभापर्यंत उन्हात लागणारे किरणच नसतात, म्हणून शरद आणि हिवाळ्यात सर्वांनीच रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट घेण्याचा विचार करावा असा सरकारी सल्ला आहे. परदेशी व्हिडिओतले आकडे ऐकताना एकक आधी पाहावे.

सूक्ष्मदर्शी यांचे उत्तर

मी रोगनिदान प्रयोगशाळेत काम करते. केस गळतात म्हणून तपासणी केली, असे प्रश्नात म्हटले आहे, तेव्हा विचारते: तुम्ही केसांसाठी बायोटिन या ब-गटातील जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत आहात का? शरीराला रोज ३० ते ४० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरते, पण केसांच्या गोळ्यांत ते ५ किंवा १० मिलिग्रॅम, म्हणजे शेकडो पट असते. अनेक प्रयोगशाळांतील संप्रेरकांच्या चाचण्या बायोटिन आणि त्याला घट्ट चिकटणारे स्ट्रेप्टॅव्हिडिन हे प्रथिन यांच्या जोडणीवर चालतात. रक्तात फार बायोटिन असेल तर अशा यंत्रावर ड जीवनसत्त्व आणि टेस्टोस्टेरॉन खोटेच जास्त, तर टीएसएच आणि इन्सुलिन खोटेच कमी दिसू शकतात. पीसीओएसच्या रुग्णाच्या बाबतीत हा मोठा घोळ होतो, कारण नेमक्या याच चाचण्या तिच्या वारंवार होतात आणि केसांच्या गोळ्याही तीच घेते. पुढच्या वेळी रक्त देण्यापूर्वी दोन-तीन दिवस त्या बंद ठेवा आणि प्रयोगशाळेत सांगा.

दुसरे, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या पाळीसाठी चालू असतील तर ड जीवनसत्त्वाचे वाहक प्रथिन वाढते आणि आकडा फुगलेला दिसतो. गोळ्या थांबल्या की तो उतरतो. म्हणून गोळ्यांच्या काळातला आणि नंतरचा आकडा शेजारीशेजारी ठेवून सुधारले की बिघडले हे ठरवू नये.

आणि साडेतीन महिने थांबलेल्या पाळीचे काय करावे, हे कोणीच लिहिले नाही, म्हणून सांगते. साडेतीन महिने पाळी नसेल तर पाकिटांची वाट पाहत बसू नका. आधी गर्भधारणा नाही याची खात्री करून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. स्त्रीबीज सुटत नाही तेव्हा प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, गर्भाशयाचे अस्तर नुसते जाड होत राहते आणि वर्षानुवर्षे असे चालले तर ते धोक्याचे ठरू शकते. पाळी आणण्याची गोळी ही त्या अस्तरासाठी असते. ती घेतल्याने पीसीओएस बिघडतो हा गैरसमज आहे.

कोथरूडकरीण (बारा दिवसांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार. बायोटिन मी चार महिने घेत होते, १० मिलिग्रॅमची गोळी. ती बंद करून चौथ्या दिवशी रक्त दिले. टीएसएच ३.४ आले, डॉक्टरांनी ते ठीक आहे म्हणून सांगितले. स्त्रीरोगतज्ज्ञांनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या आहेत. पण ग्लुकोज पिऊन केलेल्या चाचणीने झोप उडवली आहे. उपाशीपोटी ९७ आणि दोन तासांनी १५८. काका, आपण म्हणालात तसेच झाले. डॉक्टरांनी मधुमेहपूर्व स्थिती असे सांगून मेटफॉर्मिन हे साखरेचे औषध सुचवले आहे. आता ड जीवनसत्त्वाचे महत्त्व वाढले की कमी झाले? मेटफॉर्मिन टाळून ड चा डोस वाढवून घेतला तर चालेल का, असे आई विचारते आहे.

निवृत्त_जीवरसायन यांचे उत्तर

घाबरू नका. १४० ते १९९ या पट्ट्यातली साखर वेळेवर सापडणे म्हणजे हातात वेळ असणे. आईच्या प्रश्नाला योगायोगाने चांगले आकडे उपलब्ध आहेत, ते तिला वाचून दाखवा.

अमेरिकेत मधुमेहपूर्व स्थितीतल्या २,४२३ लोकांवर डी-टू-डी नावाची चाचणी झाली आणि २०१९ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्यांना रोज ४,००० युनिट ड-३ आणि निम्म्यांना बिनऔषधाची गोळी अशी सुमारे अडीच वर्षे दिली. मधुमेह होण्याचे प्रमाण ड घेणाऱ्यांत दरवर्षी शंभरात सुमारे ९.४ आणि दुसऱ्या गटात १०.७ पडले, हा फरक योगायोगाने पडला नसेल असे म्हणण्याइतका मोठा नव्हता. पुढे २०२३ मध्ये अशा तीन चाचण्यांतील प्रत्येक व्यक्तीची माहिती एकत्र केली, तेव्हा धोका सुमारे १५ टक्क्यांनी घटतो असे निघाले. त्याच धर्तीवर अंतःस्रावी तज्ज्ञांच्या अमेरिकी संस्थेने २०२४ मध्ये मधुमेहाचा धोका जास्त असलेल्या मधुमेहपूर्व प्रौढांना जीवनशैलीतील बदलांसोबत ड देण्याची सूचना केली. ‘सोबत’ हा शब्द आईला अधोरेखित करून दाखवा.

आता याच्या शेजारी दुसरे आकडे ठेवा. अमेरिकेतच २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३,२३४ लोकांच्या चाचणीत आहार-व्यायामाने मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी आणि मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी घटला. भारतातली, चेन्नईच्या संशोधकांची ५३१ लोकांची चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात आहार-व्यायामाने २८.५ आणि मेटफॉर्मिनने २६.४ टक्के घट झाली. आपल्या लोकांत आहार-व्यायामाचा लाभ अमेरिकेइतका दिसला नाही हे खरे, तरी तो ड च्या पंधरा टक्क्यांच्या जवळपास दुप्पट आहे. या चाचण्यांतले लोक तुमच्यापेक्षा बरेच मोठे होते आणि चाचण्या पीसीओएससाठी केलेल्या नव्हत्या, हे ध्यानात ठेवून हे आकडे वाचावेत.

तुमच्या बाजूची एक बारीक गोष्ट मात्र दडवणार नाही. डी-टू-डी मधल्या लोकांचे सुरुवातीचे ड सरासरी २८ होते, म्हणजे बहुतेकांना फारशी कमतरताच नव्हती; भरल्या माठात पाणी ओतून माठ किती भरला हे पाहण्यासारखे ते झाले. ज्या थोड्यांचे ड १२ च्याही खाली होते, त्यांच्यात धोका साठ टक्क्यांच्या आसपास कमी झालेला दिसला. तुम्ही ११ वर होतात, म्हणून हे वाचून कोणाचीही कळी खुलेल. पण असे लोक अवघे १०३ होते आणि हा हिशेब चाचणी संपल्यावर केलेला आहे. अशा मागाहून काढलेल्या लहान आकड्यांनी पूर्वी अनेकदा फसवले आहे. त्यावरून इतकेच घ्यावे की तुमच्यासारखीने कमतरता भरून काढण्यात आळस करू नये. तीसच्या वर जाऊन साठ-सत्तर गाठण्याने आणखी काही पदरात पडते, असे त्यातून निघत नाही.

म्हणून मेटफॉर्मिनच्या बदल्यात ड वाढवणे हा सौदा तोट्याचा आहे. मेटफॉर्मिन घ्यायचे की आधी तीन महिने आहार-व्यायाम करून पाहायचे, हे डॉक्टरांशी बसून ठरवा. तो प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पुरता अधिकार आहे, बाहेर रांग कितीही असो.

रत्नांग्रीची_आहारतज्ज्ञ यांचे उत्तर

एक पुरवणी. मेटफॉर्मिन दीर्घकाळ चालले तर ब-१२ घटते, आणि शाकाहारी असाल तर ते आधीच काठावर असण्याची शक्यता मोठी. म्हणून सुरू करण्यापूर्वी एकदा ब-१२ पाहून ठेवा, पुढे वर्षातून एकदा पाहा. गोळीने पोट बिघडते म्हणून बऱ्याच जणी ती आठवड्यात सोडून देतात. जेवणाबरोबर घेतली आणि डोस हळूहळू वाढवला तर बहुतेकींना सोसते.

ड ची फेरतपासणी आठवे पाकीट संपल्यावर लगेच करू नका. सुरुवातीपासून तीन महिने होऊ द्या आणि त्याच प्रयोगशाळेत द्या. वजन जास्त असलेल्यांना तोच आकडा गाठायला दुप्पट-तिप्पट डोस लागू शकतो, त्यामुळे अपेक्षेइतके वाढले नाही तरी पाकिटे बनावट होती असे समजू नका. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे चाला, निदान रात्रीच्या जेवणानंतर तरी. दोन तासांनंतरचा जो १५८ तुम्हाला छळतो आहे, त्याच्यावर थेट काम करणारी ही गोष्ट आहे आणि तिला चिठ्ठी लागत नाही. साबुदाण्याचे काय ठरले?

कोथरूडकरीण

ताई, साबुदाणा आईने आजच शेजारच्या काकूंना देऊन टाकला. मेटफॉर्मिन सोमवारपासून सुरू करते आहे, ब-१२ साठी उद्या सकाळी रक्त देईन. पाकीट दर रविवारी दुपारच्या जेवणानंतर. फ्रिजवर आठ चौकोन आखून ठेवले आहेत, त्यांतले तीन भरले.

सूक्ष्मदर्शी यांचे उत्तर

ब-१२ च्या काही यंत्रांवरही बायोटिनचा तोच घोळ होतो. गोळी बंद आहे ना अजून?

कोथरूडकरीण

बंद आहे. डबी कचऱ्यात टाकली.